भंगार भोंगा

कोर्टात बत्तीस वर्षं लघुलेखन करून निवृत्त झालेल्या स्टेनोबाईंना घरी बसवेना. हात स्वस्थ राहत नसत. रेडिओवर बातम्या लागल्या की बोटं आपोआप मांडीवर लघुलिपी गिरवू लागत. शेजारीण सुनेची गाऱ्हाणी सांगायला आली की बाई मनातल्या मनात तिचा जबाब उतरवून घ्यायच्या, आणि पुढच्या खेपेला शांतपणे सांगायच्या की मागच्या मंगळवारी तुम्ही वेगळं म्हणाला होतात. शेजारीण येईनाशी झाली.

बाईंकडे राहणारी भाची गाण्यांच्या एका कंपनीत कामाला होती. रॅप करणाऱ्या पोरांची गाणी ती कंपनी काढायची. फोनवर गाणं वाजताना खाली शब्द सरकतात, ते शब्द कुणीतरी ऐकून लिहावे लागत. आधी ते काम यंत्राकडे होतं. पण यंत्राने एका गाण्यात ‘आईची शपथ’च्या जागी ‘आईची शेपटी’ लिहिलं, आणि गाणाऱ्याची आई स्वतः येऊन कंपनीच्या दारात बसली. तेव्हा भाचीने मावशीचं नाव सुचवलं.

बाईंना काम फार आवडलं. लोक म्हणत, ही पोरं किती भरभर बोलतात. बाई म्हणत, तीन वकील एकदम बोलताना तुम्ही ऐकलेलं दिसत नाही. जेवणाच्या टेबलावर बसायचं, कानांवर ते मोठे हेडफोन चढवायचे, आणि दुपारपर्यंत दोन गाणी हातावेगळी करायची. एकच अडचण आली. कोर्टातल्या शिस्तीप्रमाणे शब्द कळला नाही की बाई कंसात ‘अस्पष्ट’ असं लिहीत. ऐकणाऱ्यांना वाटलं, तो गाण्याचाच भाग आहे. ही पोरं दर रविवारी एका क्लबात गायची आणि मागच्या पडद्यावर तेच शब्द दाखवत. पुढच्या रविवारी तिथे शंभर पोरं हात वर करून ‘अस्पष्ट, अस्पष्ट’ ओरडली. कंपनीच्या मॅनेजरने निरोप धाडला, यापुढे अस्पष्ट नको, कळलं नाही तिथे जवळपासचा शब्द घाला.

बत्तीस वर्षांत बाईंना स्वतःचा एक शब्द घालायची मुभा कुणी दिली नव्हती. त्यांनी तो निरोप दोनदा वाचला.

मग सावटचं गाणं आलं. सावट हे एका पोराने स्वतःच घेतलेलं नाव. तो इतका पुटपुटत गायचा की बाईंना वाटे, याला कुणीतरी आधी चूळ भरायला लावावी. गाणं मोडलेल्या मनाचं होतं. ‘गंजकं काळीज माझं, सांभाळायला बिकट’ ही ओळ लागली, पण पुढची काही केल्या लागेना. सात वेळा ऐकून बाईंनी लिहिलं, ‘असला भंगार भोंगा कोण घेईल फुकट.’ भोंगा म्हणजे कारखान्यावर वाजतो तो, अशी त्यांची समजूत. काळजाला भोंगा म्हणणं जरा चमत्कारिक होतं, पण ही पोरं काहीही म्हणतात. त्यांनी गाणं पाठवून दिलं आणि आंघोळीला गेल्या.

भोंगा नावाचा दुसरा एक रॅपर त्याच कंपनीत आहे, हे बाईंना आठवड्याने कळलं. तेही त्याचंच गाणं कानावर आदळलं तेव्हा. त्याचा आवाज असा की बाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले तरी शब्द न् शब्द लिहिता आला. गाणं सबंध सावटवर होतं. मला भंगार म्हणणारा तू कोण, तुला धड बोलता तरी येतं का, अशी सरबत्ती होती. बाईंनी घाईघाईने जुनं गाणं पुन्हा लावलं. आता माहीत झाल्यावर स्पष्ट ऐकू आलं. पोरगं म्हणत होतं, ‘असलं भंगार, सांगा, कोण घेईल फुकट.’

सांगा! बाईंनी गाणं तिथेच बंद केलं.

संध्याकाळी भाची घरी आली की कबुली द्यायची, असं त्यांनी ठरवलं. पण भाची आली ती हसतच. सावटच्या त्या एका ओळीने धमाल उडवली होती. गाणं आजवर कुणी ऐकलं नव्हतं तेवढं ऐकलं जात होतं, मॅनेजर आनंदाने टेबलावर ताल धरत होता, आणि स्वतः सावटही, आपण असं म्हटलंच नव्हतं हे सांगायचं सोडून, गालातल्या गालात हसत शाबासक्या घेत फिरत होता. बाईंनी कबुली गिळली आणि भाचीला चहा करून दिला.

भोंगाचं गाणं मात्र टेबलावर तसंच होतं. त्यात दोन ओळी होत्या, ‘तोंड उघड ना मित्रा, तुझं काही कळत नाही, ऐकणारे थकले तरी कुणी पळत नाही.’ थकलेली माणसं पळतील कशाला? यमक जुळवायला शब्दाला कान धरून ओढत आणलंय, हे बाईंना सहन होईना. रात्रभर ती ओळ त्यांना दाढेत अडकल्यासारखी सलत राहिली. सकाळी त्यांनी लिहिलं, ‘शब्द दाताखाली दळतोस, पण पीठ गळत नाही.’ या खेपेला दोष कानावर ढकलायची सोय नव्हती. बाईंनी दार आतून बंद आहे ना ते पाहिलं आणि गाणं पाठवून दिलं. मग दुपारी त्यांना जेवण गेलं नाही.

कुणाची तक्रार आली नाही. रविवारी क्लबात भोंगा आपली ओळ म्हणत होता आणि समोरचे लोक पडद्यावर वाचलेली बाईंची ओळ म्हणत होते. ते जास्त होते. तिसऱ्या खेपेपासून भोंगाही पीठ दळू लागला. बाईंनी मग सावटच्या उत्तरात एक शब्द बदलला आणि भोंगाच्या प्रत्युत्तरात दोन. दोन्ही पक्षांचं काम एकाच वकिलाकडे असावं तशी त्यांची स्थिती झाली. त्यांना एवढी भूक कित्येक वर्षांत लागली नव्हती.

शेवटी मॅनेजरने दोघांचा समोरासमोर सामना जाहीर केला. रविवारी संध्याकाळी पाच वाजता, क्लबात, पडदा नाही, शब्द नाहीत, फक्त तोंड आणि माइक.

गुरुवारी दुपारी बाईंच्या दाराची घंटा वाजली. दारात एक सडपातळ पोरगा, चपला आधीच काढून कडेला लावलेल्या. तो सावट होता. बाईंच्या सुरेख टंकलेखनाबद्दल आभार मानायचेत, असं सांगून त्याने भाचीकडून पत्ता काढला होता. बाईंना वाटलं, आता भांडण. पण तो खुर्चीच्या टोकावर बसून पाण्याच्या भांड्याकडे बघत राहिला.

“काकू, माझ्या गाण्यातली ती भोंग्याची ओळ तुमची आहे, हे मला माहीत आहे,” तो पुटपुटला.

“मोठ्याने बोल. मला ऐकू आलं नाही.”

त्याने पुन्हा, जरा स्पष्ट सांगितलं. मग रविवारसाठी आणखी चार ओळी द्या, अशी विनवणी केली. लोकांना आता तशाच ओळींची सवय लागली आहे, त्याला स्वतःला तसं काही सुचत नाही, आणि भोंगा तर दिवसाला दहा रचतो म्हणे. बाईंनी विचार करते म्हटलं आणि शनिवारी सकाळी यायला सांगितलं.

शुक्रवारी भोंगा आला. याच्या तोंडून तोफा सुटणार म्हणून बाईंनी खिडक्या लावून घेतल्या, पण घरात तो सशासारखा हळू बोलत होता. त्यालाही पीठ कुणी दळलं ते कळलं होतं. त्यालाही चार ओळी हव्या होत्या. त्यालाही कुणीतरी सांगितलं होतं की सावट दिवसाला दहा रचतो. बाईंनी त्याला शनिवारी दुपारी बोलावलं.

तो गेल्यावर बाई बराच वेळ टेबलाशी बसल्या. कोर्टात त्यांनी असे खूप साक्षीदार पाहिले होते. कुणीतरी पढवलेलं पोपटासारखं बोलायचे. तिथले एक जुने न्यायाधीश अशा साक्षीदाराला पुरतं बोलू द्यायचे आणि मग म्हणायचे, पाठ केलेलं झालं ना, आता काय घडलं ते सांगा. त्यानंतर जे ऐकायला मिळायचं ते उतरवून घ्यायला बाईंना सगळ्यांत जास्त मजा यायची.

त्यांनी चारच ओळी लिहिल्या. सकाळी सावटला दिल्या, दुपारी त्याच भोंगाला. कागद कुणालाच दिला नाही, समोर बसवून पाठ करून घेतल्या. सावटकडून तर प्रत्येक अक्षर तीनतीनदा घोटून घेतलं. जाताना दोघांनीही, वेगवेगळ्या वेळी, त्यांच्या पायांना हात लावला. बाईंना तेव्हा जरा कसंनुसं झालं, नाही असं नाही.

रविवारी बाईंनी भाचीला म्हटलं, मीही येते. भाची बघतच राहिली. क्लब म्हणजे पूर्वीचं टायरचं गोदाम. रबराचा वास अजून भिंतींना होता. दारात मालकीणबाई स्टुलावर बसून प्रत्येकाच्या मनगटावर शिक्का मारत होत्या. बाईंच्या मनगटावर तो मारताना त्यांनी काही विचारलं नाही, फक्त आत खांबापाशी उभ्या राहा, तिथे कमी ढकलतात, असं सांगितलं. बाई खांबाला टेकल्या. पर्समध्ये वही आणि दोन पेन्सिली होत्या.

नाणं उडवलं, सावट पहिला आला. तालाने छातीत धक्के बसत होते. त्याने माइक धरला आणि कधी नव्हे ते खणखणीत म्हटलं,

“तुझ्या नावाचा गाजावाजा, पण गाणं कुणाचं?
तोंड तुझं, आवाज तुझा, पण म्हणणं कुणाचं?
उसन्या ओळी पाठ करून झालास मोठा शूर,
खरं सांग सगळ्यांपुढे, हे लिहिणं कुणाचं?”

गोदाम दणाणलं. भोंगाचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला. त्याच्याकडे दुसरं काही नव्हतंच. ताल चालू होता, लोक वाट बघत होते, आणि त्या बिचाऱ्याने तोंड उघडून तेच सुरू केलं, “तुझ्या नावाचा गाजावाजा...” दुसऱ्या ओळीला पुढची रांग हसू लागली, तिसरीला मागची. भोंगा थांबला. डीजेने गोंधळून आवाज कमी केला.

“तुला कुणी दिल्या?” भोंगाने हळूच विचारलं. माइक तोंडापाशीच होता, सगळ्यांनी ऐकलं.

“तुला कुणी दिल्या?” सावट म्हणाला.

दोघांनी एकदम खांबाकडे पाहिलं. बाईंनी वही उघडली, पेन्सिल टेकवली आणि न्यायाधीश साक्षीदाराकडे बघतात तसं त्यांच्याकडे बघितलं.

क्षणभर वाटलं, दोघं खाली उतरून निघून जाणार. मग भोंगाच हसला. त्याने डीजेला खूण केली आणि मोडकंतोडकं, अडखळत, पण तालावर म्हणाला,

“त्याच ओळी तुला दिल्या, त्याच दिल्या मला,
एका शिंप्याचे सदरे घालून भांडतोय कशाला?”

लोकांनी छप्पर डोक्यावर घेतलं. सावट पुढे सरसावला. त्याच्या मनात ते बरेच दिवस कोंडलेलं असावं, कारण ते एका दमात बाहेर पडलं,

“भोंगा मी म्हटलंच नव्हतं, म्हटलं होतं सांगा,
चुकलं कुणाच्या कानाचं, अन् चिडला हा भोंगा!”

मग ते थांबेनात. कधी यमक चुकलं, कधी ताल सुटला, एकदा सावट मध्येच विसरला तर भोंगानेच त्याला शब्द पुरवला. अर्धा तास चाललं. बाईंची पेन्सिल झरझर धावत होती. भाची सावकाश वळली आणि मावशीकडे बघू लागली. बाईंनी मान वर केली नाही.

भाची मावशीला घेऊन घरी आली. जिना चढताना तिने विचारलं, “किती शब्द बदललेस?”

“चार गाण्यांत,” बाई म्हणाल्या. जरा थांबून म्हणाल्या, “पाच शब्द धर. आणि एक सबंध ओळ.”

भाचीने कुलूप उघडलं, आत गेली, आणि सोफ्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मग उद्या आपलं काय होणार या भीतीने, मॅनेजरचा निरोप आलाय का ते फोनवर बघू लागली.

सोमवारी मॅनेजरने बाईंना बोलावून घेतलं. त्याने चांगली दहा मिनिटं रागवायचा प्रयत्न केला, पण त्या अर्ध्या तासाचं चित्रण एवढं पाहिलं जात होतं की त्याचा राग टिकेना. शेवटी एवढंच ठरलं की यापुढे पोरं म्हणतील तेवढंच बाई लिहितील. बाईंनी मान डोलावली.

महिन्याभराने सावटचं नवं गाणं आलं. शाळेतल्या स्पर्धेत कविता म्हणावी तसा एकेक शब्द सुटा. ऐकणाऱ्यांच्या तक्रारी आल्या, याचं आता सगळंच कळतं, मजा गेली. मॅनेजरच्या विनंतीवरून बाईंनीच त्याला फोन करून थोडं पुटपुटायची परवानगी दिली.

दोघं आता गुरुवारी एकत्रच येतात. आपापलं लिहून आणतात. बाई लंगड्या यमकाखाली लाल रेघ ओढतात आणि वही परत करतात. शब्द मागितला तर देत नाहीत, भोंगाने कितीही तोंड पाडलं तरी.

परवा भोंगा वही टेबलावरच विसरून गेला. बाईंनी ती उचलून कपाटावर ठेवली. भांडी घासली, ओटा पुसला. मग वही खाली काढली. चौथ्या पानावर एक शब्द उगाच पाय ओढत चालला होता. पोरगं जिन्यातून परत येतंय का, याचा त्यांनी कानोसा घेतला, आणि पेन्सिलीने, अगदी भोंगाच्या वळणाचं अक्षर काढून, तेवढा एक शब्द बदलला.