कुंडीखालची पहिली रेकॉर्ड

मित्रांनो, बाल्कनीतल्या कुंडीखाली पाणी धरणारी काळी बशी दिसते ना, ती मी. पण मी बशी म्हणून जन्मले नव्हते. मी एक जुनी रेकॉर्ड आहे. माझ्या अंगावरच्या बारीक रेघांत एका व्हायोलिनचं वादन भरलेलं आहे, आणि ते आता कोणालाही ऐकू येणार नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. गरम काळा गोळा दोन साच्यांत दाबला आणि मी चपटी होऊन बाहेर पडले. एका बाईने मला उजेडात तिरकी धरून पाहिलं आणि पाकिटात सरकवलं. पाकीट फार देखणं होतं. निळ्या पडद्यासमोर ठेवलेलं व्हायोलिन त्यावर छापलं होतं. त्या पाकिटाचा मला केवढा तोरा होता! पुढे ते भिंतीवर गेलं आणि मी कुठे गेले, ते सांगतेच.

मला विकत घेतलं टपाल कचेरीतल्या एका कारकुनाने. दिवसभर पाकिटांवर शिक्के मारायचे आणि संध्याकाळी व्हायोलिन घासायचं, हा त्याचा दिनक्रम. शिकवायला कोणी नव्हतं. शेजारी त्याच्या हौसेचं कौतुक करायचे आणि खिडक्या लावून घ्यायचे. पहिला पगार झाला त्या दिवशी तो धाकट्या बहिणीला घेऊन दुकानात आला. मला हातात घेतलं ते खाली ठेवेचना.

"वाजवायचं यंत्र आहे ना घरी?" दुकानदाराने सहज विचारलं.

यंत्र नव्हतंच. बहीण म्हणाली, "नाल सापडला म्हणून घोडा घेणारा माणूस आज बघायला मिळाला."

घरी गेल्यावर त्याने माझ्या मधल्या गोल कागदावर शाईने एकच शब्द लिहिला, 'पहिली'. मित्रांनो, त्या दिवशी माझ्याइतकं सुखी कोणी नसेल.

घोडा दिला मामाने. त्याच्या माळ्यावर एक यंत्र पडून होतं. त्याचा पट्टा मोटरच्या दांडीवरून घसरायचा. मामाला सगळ्या दुखण्यांवर एकच औषध ठाऊक होतं, चिकटपट्टी. चष्म्याला तीच, नळाला तीच. त्याने दांडीवर चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे घातले. "आता घसरला तर नाव बदलीन," म्हणाला. पट्टा घसरला नाही, पण दांडी जाड झाली आणि मी वेगाने फिरू लागले.

तुम्हाला कोणी मागून ढकलत पळवलं आणि वर गा म्हटलं, तर आवाज कसा निघेल? माझा तसाच निघायचा, घाईचा आणि चढा. मला ते कळत होतं. पण सांगणार कशी? माझं तोंड म्हणजे तेच यंत्र.

तो रोज माझ्याशी सूर जुळवायचा. माझ्याबरोबर तारा चढवायचा आणि त्या तटातट तुटायच्या. "हल्ली तारा चांगल्या मिळत नाहीत," असं म्हणून नव्या आणायचा. तरी ते दिवस सोन्याचे होते. शिक्क्यांची शाई लागलेली बोटं पुसल्याशिवाय तो मला हात लावत नसे. त्याची एकच इच्छा होती, गावातल्या हौशी वाद्यवृंदात आपल्याला खुर्ची मिळावी.

एका रविवारी तो परीक्षेला गेला. परत आला तेव्हा चेहरा पडला होता. बहिणीने खोदून विचारल्यावर बोलला. सगळे पियानोच्या सुरात आणि हा एकटाच वर. वाद्यवृंदाच्या प्रमुख बाई म्हणाल्या होत्या, "तुमचं व्हायोलिन वरच्या मजल्यावर राहतं वाटतं? जरा खाली आणा." त्याने तारा उतरवल्या, पण कान उतरेना. बोटं आपोआप वर सरकायची. सगळे हसले.

"या रेकॉर्डने माझं वाटोळं केलं," तो म्हणाला. "खोटी आहे ही."

"दादा, आधी यंत्र बघ ना."

"यंत्र मामाने स्वतः दुरुस्त केलंय."

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. त्याने पाकीट तेवढं चौकटीत घालून भिंतीवर लावलं, कारण चित्र सुंदर होतं. मला गरम पाण्यात बुडवलं, मऊ केलं आणि माझ्या कडा वर वळवल्या. मधलं भोक मेणाने बुजवलं आणि वर कुंडी ठेवली. ज्या हातांनी 'पहिली' लिहिलं, तेच हात होते ते.

पुष्कळ वर्षं गेली. एकदा पट्टा तुटला म्हणून यंत्रवाला आला. बाल्कनीचं दार उघडं होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं. "दांडीला हे वेढे कोणी घातले?" तो म्हणाला. "यावर लावाल ती रेकॉर्ड चढीच वाजणार."

कारकुनाने ते वेढे तिथल्या तिथे काढायला लावले. मला वाटलं, आता येईल. मी पुन्हा वाजणार नाही, हे मला कळत होतं. पण येऊन एकदा म्हणेल, चुकलो गं बाई. तेवढं मला पुरलं असतं.

तो आला नाही. त्याने माझ्याच वादनाची दुसरी, नवीकोरी रेकॉर्ड आणली. भिंतीवरचं पाकीट उतरवून तिला त्यात घातलं. आता पाहुणे आले की तिला लावतो आणि पहिल्या पगाराची गोष्ट रंगवून सांगतो. दुकान, दुकानदार, बहिणीचा टोमणा, सगळं येतं त्यात. "हीच ती," म्हणतो. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

परवा बहीण आली होती. बाल्कनी पुसताना तिने कुंडी उचलली, मला उपडी केली. पाण्याने माझा वरचा कागद कुजलाय, पण खालच्या बाजूची शाई टिकली आहे. तिने 'पहिली' हा शब्द वाचला आणि मला घेऊन दारात उभी राहिली. आत नवी रेकॉर्ड वाजत होती, अगदी खऱ्या सुरात.

"दादा, पहिली ती, मग ही कोण?"

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "ठेव ती खाली. लादीवर पाणी ठिबकतंय."

मित्रांनो, वस्तू जपून वापरा असं सगळेच सांगतात. मी तेवढंच सांगणार नाही. कधी कोणावर आळ घेतलात आणि तो खोटा निघाला, तर तिच्या जागी दुसरी आणून बसवू नका. जिच्यावर आळ घेतला तिच्यापाशी या आणि तसं बोला. ती गप्प असली तरी तिला ऐकू येतं.

रोज सकाळी तो झारी घेऊन येतो, झाडाला पाणी घालतो आणि खाली न बघता आत जातो.