गाडीत नसलेली खोट

पुरिताने मधल्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढला, नाकाशी नेऊन हुंगला आणि मालकाच्या तोंडावर सांगून टाकलं, "गाडी पाण्यातली आहे."

मालक दंतवैद्य होता. साठीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला सज्जन माणूस. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "मॅडम, आमच्या गल्लीत कुत्र्याचे पाय भिजतील एवढंही पाणी कधी साचलेलं नाही."

"सगळे असंच म्हणतात, डॉक्टर. ही रेघ बघ, मारे. तपकिरी. चिखलाची आहे."

मी वाकून बघितलं. मला रेघ दिसली नाही. पण चष्म्याशिवाय मला ताटातली शितंही दिसत नाहीत आणि चष्मा राहिला होता घरी. शिवाय पुरिता म्हणतेय म्हणजे असणारच. तिच्या भावाचं जुन्या गाड्यांचं दुकान होतं. वादळात बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून, अत्तर मारून कशा विकतात ते तिने लहानपणापासून पाहिलेलं. मी दंतवैद्याची माफी मागितली आणि आम्ही निघालो.

ती आम्ही पाहिलेली पाचवी गाडी. राखाडी, सात जणांची, उंच, दहा वर्षांत एकच मालक. मला ती फाटकातूनच आवडली होती.

पुरिता म्हणजे माझ्या मुलाची, रोडेलची धर्ममाता. बाप्तिस्म्याच्या वेळी तिने त्याला हातात धरलं, त्या दिवसापासून आम्ही एकमेकींना 'मारे' म्हणतो. रक्ताच्या बहिणीशी भांडता येतं, वर्षभर अबोला धरता येतो. हे नातं देवासमोर जोडलेलं, त्यात रुसायचीसुद्धा सोय नाही.

आमचं ऑफिसही एकच, मकातीतली माल पाठवणारी कंपनी. मी कस्टमच्या कागदांच्या विभागात, ती चौथ्या मजल्यावर एचआरमध्ये. बारा वर्षं रोज सकाळी साडेपाचला मी अंतिपोलोच्या टेकडीवरून माझी छोटी गाडी खाली आणायचे आणि बेकरीच्या कोपऱ्यावर पुरिता उभी असायची. हातात गरम पावांची पिशवी आणि थर्मासमध्ये कॉफी. जायला दोन तास, यायला अडीच. पुढच्या गाडीचे लाल दिवे बघत आम्ही बसायचो. माझ्या नवऱ्याच्या शेजारी मी आयुष्यात एवढी बसले नसेन.

आणि एवढा वेळ बसून माणूस काय करणार? बोलणार. नवरा गेला तेव्हा मी सगळं त्याच गाडीत रडून घेतलं. घराचा शेवटचा हप्ता फिटला त्या दिवशी ऑर्टिगासच्या चौकात मी मोठ्याने गाणं म्हटलं होतं, शेजारच्या बसमधले लोक बघत होते. रोडेलला दोहात नोकरी लागली, माझे गुडघे, माझी झोप, साहेबाचा वास, सगळं. पुरिता पाव मोडून माझ्या हातात द्यायची आणि "हं" म्हणायची. आता आठवून बघते तर ती ऐकायचीच जास्त.

एप्रिलमध्ये ती छोटी गाडी चढावर बसली. आमच्या मेकॅनिकने, कुया तेबानने (कुया म्हणजे दादा), बॉनेट उघडलं आणि मेलेल्या माणसाच्या तोंडावर चादर ओढावी तसं हळूच बंद केलं.

दोन आठवडे आम्ही जीपने गेलो. रांगेत एक तास उभं राहून, मग कुणाच्या तरी काखेत तोंड खुपसून. मग मी ठरवलं. गावाकडची नवऱ्याच्या वाट्याची नारळाची वाडी विकून आलेले पैसे बँकेत पडून होते. त्यात नवी गाडी येणार नव्हती, पण चांगली जुनी आली असती. ते पैसे एकदाच खर्च होणार होते, परत कुठून यायचे नव्हते, म्हणून नीट बघून घ्यायची. पाऊस झाला की वाटेत काइंताला गुडघाभर पाणी, म्हणून उंच हवी. चढाला दमणार नाही अशी हवी. आणि माझ्या निवृत्तीला आठ वर्षं होती, तेवढी तरी चालायला हवी. एकच अट पुरिताची: नंबर पाच किंवा सहावर संपणारा नको. शेवटचा आकडा बघून आठवड्यातला एक दिवस गाडीला रस्ता बंद असतो, त्याला आम्ही कोडिंग म्हणतो. पाच-सहाचं कोडिंग बुधवारी, आणि बुधवारी ऑफिस सुटल्यावर आम्ही बाक्लारानच्या देवळात नोव्हेनाला जायचो.

"बाकी काही चालेल," पुरिता म्हणाली होती, "पण देवाच्या दिवशी जीपमध्ये लोंबकळायला लावू नकोस."

हे मे महिन्याच्या सुरुवातीचं. पहिल्या दोन शनिवारी ती उत्साहाने आली. पहिल्या गाडीला तिने खरंच गंज दाखवला. मीही पाहिला. दुसरी कुबाओतल्या एका आवारात होती, काचेवर मोठ्या अक्षरांत चिकटवलेलं: 'बाईने चालवलेली'.

"कुठली बाई?" पुरिताने विक्रेत्याला विचारलं. "कुस्तीगीर होती का? ब्रेकचं पेडल बघा, पार सपाट करून टाकलंय."

विक्रेतासुद्धा हसला. आम्ही येताना नूडल्स खाल्ले, मजा आली.

तिसऱ्या गाडीपासून ती बदलली. हसायची नाही. गाडीत बसायच्या आधीच नाक मुरडायची. तिसरीचं इंजिन 'आतून सुकलंय', चौथीचं 'मीटर मागे फिरवलंय', आणि पाचवी, दंतवैद्याची, पाण्यातली. दर वेळी एकच पालुपद: "महिनाअखेरपर्यंत थांब ना, मारे. घाई काय आहे?"

"घाई? अगं, काल जीपमध्ये एक कोंबडा माझ्या मांडीवर बसून आला."

"कोंबडा परवडला. थांब."

दंतवैद्याच्या गाडीनंतर मात्र मला झोप लागेना. चष्मा नव्हता हे खरं, पण माणसाचा चेहरा बघायला मला चष्मा लागत नाही. तो खोटं बोलत नव्हता. बुधवारी मी रजा टाकली, पुरिताला दाताचं कारण सांगितलं (ते एका अर्थी खरंच होतं) आणि कुया तेबानला घेऊन दंतवैद्याकडे गेले. त्याने मला आत घेतलं, पण आधी सातही सीटचे पट्टे स्वतः ओढून दाखवले, एकेक करून. मी चष्मा लावून बघत होते. शेवटच्या पट्ट्याला माझीच मान खाली गेली.

तेबान गाडीखाली शिरला, गालिचा उचलला, डिकीतला स्टेपनीचा खळगा हाताने चाचपला. बाहेर येऊन म्हणाला, "पाणी कोण म्हणालं?"

"पुरिता."

"तिला कळतं गाड्यांतलं." त्याने हात पुसले. "मग असं का म्हणाली असेल?"

त्या प्रश्नावर मी दोन दिवस नको नको ते विचार केले, सांगायला लाज वाटते. भावाच्या दुकानातली गाडी माझ्या गळ्यात मारायची असेल. किंवा जळत असेल. तिच्या नवऱ्याने स्वतःची गाडी कोंबड्यांच्या झुंजीत घालवलेली. मग स्वतःलाच रागावले: फेली, बारा वर्षं जिने पाव मोडून भरवला तिच्याबद्दल असं? गाडी घे, तिच्यापुढे नेऊन उभी कर, हसेल ती. शुक्रवारी मी गाडी घेतली. नंबर आठवर संपत होता, कोडिंग गुरुवारी. नोव्हेना वाचली.

रविवारी मिस्सेनंतर फादरनी गाडीवर आशीर्वादाचं पाणी शिंपडलं. जरा जास्तच शिंपडलं, आतल्या सीटपर्यंत. मी म्हटलं, आता पुरिता 'पाण्यातली' म्हणायला मोकळी. आणि तिच्या फाटकाशी जाऊन हॉर्न दिला.

ती घरातल्या झग्यावर बाहेर आली, हातात कैरीची फोड, बोटाला झिंग्यांची चटणी. गाडीकडे बघितलं. हसली नाही.

"घेतलीस?"

"घेतली! बस, एक चक्कर मारू."

"कागद झाले? सह्या?"

"सगळं झालं."

"परत घेईल का तो?"

मला राग आला. "परत कशाला घेईल? पाण्यातली नाहीये ती, मारे. तेबानने आडवं पडून बघितलीय. रेघ नाही, वास नाही, काही नाही."

"माहितीय मला पाण्यातली नाही ते."

कैरीची फोड अजून तिच्या हातातच होती. मी गाडीतून उतरले.

"सोमवारी यादी लागतेय," ती म्हणाली. "उद्या."

"कसली यादी?"

ती फाटकाची कडी वर-खाली करत राहिली. तिसऱ्यांदा कडी वाजली तेव्हा मला कळलं.

"माझं नाव आहे?"

"मारे, मी सही करून दिलीय की कुणाला सांगणार नाही. घरात नवऱ्याला सांगितलं नाही मी."

"तुझ्या नवऱ्याला सांगितलं असतंस तर त्याने कोंबड्यांना सांगितलं असतं. मी काय तुझा नवरा आहे?"

"म्हणून तर म्हणत होते, थांब! किती वेळा म्हटलं? आणखी काय करायला हवं होतं मी? तीन गाड्या मोडून काढल्या. त्या बिचाऱ्या डॉक्टरच्या तोंडावर खोटं बोलले, मला रात्री त्याचे कान आठवतात. तुझे पैसे वाचावेत म्हणून."

खरं सांगते, त्या क्षणी माझं मन विरघळलं होतं. बिचारी एकटी एवढं ओझं घेऊन माझ्या शेजारी बसत होती, असंच वाटलं. मी फाटकातून हात घालून तिचा हात धरला, चटणीसकट. आणि सहज, धीर द्यावा म्हणून म्हटलं, "जाऊ दे. वरच्यांनी ठरवलं, तू काय करणार?"

तिने हात काढून घेतला.

"पुरिता?"

"तुमच्या विभागातून दोघं कमी करायची होती," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "चार नावं आली माझ्या टेबलावर. मला विचारलं, तुम्ही सगळ्यांना ओळखता, कुणाला कमीत कमी त्रास होईल."

"आणि?"

"नेनेची मुलं लहान आहेत, मारे. ऑस्करच्या बायकोची केमो चाललीय. तुझं घर फिटलंय. रोडेल दोहाहून पाठवतो. आणि तूच म्हणायचीस ना, कंटाळा आला, सगळं सोडून कोंबड्या पाळाव्यात..."

"ट्रॅफिकमध्ये म्हणायचे गं!" मी ओरडले. पलीकडच्या घरातली बाई कपडे वाळत घालता घालता थांबली. "ट्रॅफिकमध्ये माणूस काहीही म्हणतं! तू काय लिहून घेत होतीस?"

"मी ऐकत होते," ती म्हणाली. "मला वाटलं खरं बोलतेयस."

आणि बोलत होते मी खरंच. घर फिटलंय हे खरं, रोडेल पाठवतो हे खरं, कंटाळा आला होता तोही खरा. तिने माझ्याबद्दल एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं. खोटं फक्त गाड्यांबद्दल. नेने आणि ऑस्करपेक्षा मला उचलणं बरोबर आहे, हे कुणी परक्याने सांगितलं असतं तर मी मानही डोलावली असती.

मी गाडीत बसले आणि निघाले. आरशात बघितलं नाही.

सोमवारी साडेपाचला मी बेकरीच्या कोपऱ्यावर थांबले. का थांबले ते नका विचारू. तिला बसवून घेणार होते, की काच खाली करून काहीतरी लागेल असं बोलून पुढे जाणार होते, हे चढ उतरेपर्यंत ठरलेलं नव्हतं. समोर आली की ठरेल असं वाटलं. ती आलीच नाही. वीस मिनिटं थांबले. बेकरीवाली पोरगी काचेतून बघत होती. शेवटी तिनेच पिशवी आणून दिली. मी पैसे दिले. पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली आणि ती मकातीपर्यंत तशीच राहिली.

पत्र द्यायला एचआरमधली एक नवी मुलगी होती, टिश्यूचा डबा आधीच माझ्या बाजूला सरकवलेला. "पुरिता मॅम आज रजेवर आहेत," ती म्हणाली. "बरं नाहीये त्यांना."

"हो का," मी म्हटलं.

"तुम्हाला काही विचारायचंय, मॅम फेली?"

"पार्किंगची जागा महिनाअखेरपर्यंत राहील का?"

तिने कागद चाळले. ते तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

माझ्याबरोबर आमच्या विभागातला दुसरा गेला तो कुया इस्को, फायलींचा माणूस, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. एक खोका, खोक्यात कॉफीचा मग आणि एक कुंडी. तो ताइताइला राहतो, माझ्या वाटेवर. दुपारी बारा वाजता आम्ही निघालो. बारा वर्षांत तो रस्ता मी दुपारी पाहिला नव्हता. रिकामा होता. ज्या चौकात मी अख्खी गाणी म्हटली तो चौक चार श्वासांत मागे गेला. चढाला गाडीने हुं की चुं केलं नाही.

"छान गाडी घेतलीत, मॅम," इस्को म्हणाला. कुंडी मांडीवर धरून बसला होता. "आवाज नाही बिलकुल."

"हो."

काइंता आलं तसा तो बोलायला लागला. पिशवीतला एक पाव त्याने घेतला होता, तो मोडत मोडत. धाकटीचं लग्न राहिलंय, नवरा चांगला नाही मिळाला थोरलीला, बायकोला अजून फोन केलेला नाही, कसा करायचा तेच कळत नाहीये. मी "हं" म्हणत होते. माझा "हं" मलाच ओळखीचा वाटला आणि मी एसी वाढवला.

"तुमचं कसं, मॅम फेली?" त्याने विचारलं. अर्धा पाव त्याने माझ्यापुढे धरला होता. प्रश्न साधा होता, मायेचा. "तुमचं बरं आहे म्हणा. घर तरी स्वतःचं आहे ना?"

मी आरशात मागची गाडी बघितली, मग समोरचा सिग्नल.

"भाड्याचं आहे," मी म्हटलं.