जानकूचं पळायचं घड्याळ

“घड्याळ खरं सांगतंय, गेणभाऊ. माजं पाय गेलं,” जानकू मला म्हणाला आणि मनगटावरचं स्मार्टवॉच सोडून त्याने आळेफाट्यावरच्या घड्याळांच्या दुकानात काउंटरवर ठेवलं.

तीस वर्षं मेंढरं वळून जानकू आता कांद्याच्या गोदामावर रखवालदार झाला होता. नव्या ठेकेदाराने फर्मान काढलं होतं : पन्नाशीपुढच्यांनी सोमवारी सोळाशे मीटर दहा मिनिटांत पळायचं, नाहीतर घरी बसायचं. आज गुरुवार. आठवडाभर हा कालव्याच्या कडेने पळत होता आणि दहा मिनिटं झाली की घड्याळ म्हणायचं, पाचशे मीटर.

“ह्याचे पाय गेले?” मी दुकानातल्या हर्षालीला म्हणालो. “अगं, हा एकदा बिबट्यामागं पळाला. डिंभ्यापासून घोडेगावपर्यंत. शेवटी बिबट्यानं एसटीला हात केला!”

“थांबली का मग एसटी?”

“डिंभ्याची एसटी ती. आली तर थांबंल ना!”

जानकू हसला नाही. “मेंढरं इकली, भाऊ. आता माघारी जायला बी काय न्हाई.”

“मामा, जरा पळून दाखवा बरं,” हर्षाली म्हणाली.

जानकूने काठी उचलली, मानेमागे आडवी टाकली, दोन्ही मनगटं तिच्यावर लोंबती सोडली आणि रस्त्याने निघाला. मेंढरांमागे दिवसदिवस असंच चालायची सवय, पळायचाही तसाच.

हर्षालीने कपाळाला हात लावला. “अवो मामा, ह्या स्वस्तातल्याला अंतर कळतच न्हाई. हात हालला की ते पाऊल धरतं. तुमचे हात तर टांगलेले!”

तिने आणखी दोन घड्याळं काढली. जानकूचा हात झगझगीत पडद्याच्या घड्याळाकडे गेला.

“त्यावर फोन येतात. तुमाला फोन घ्यायचाय का पळायचंय?” तिने दुसरं पुढे सरकवलं. “हे थोडं महाग हाय, पण जीपीएस घड्याळातच हाय. उन्हात आकडा दिसतो, बटणं मोठी. नव्या पळणाऱ्याला ह्याच्यापुढं काय लागत न्हाई.”

ते बांधून, काठी तशीच मानेमागे टाकून तो पुन्हा निघाला. मी दारात उभा. परतला तेव्हा सोळाशे मीटर झाले होते, नऊ मिनिटं चाळीस सेकंदांत. तो आकडा त्याने माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग हळूच विचारलं, “सोमवारी काठी चालंल का?”



रविवारी काठीविना पळून पाहिलं, तर अकरा मिनिटं लागली. हात कुठं ठेवायचे तेच त्याला कळेना, दम तुटायचा.

सोमवारी गोदामाच्या आवारात चार फेऱ्या होत्या. ठेकेदाराच्या माणसाने काठी फाटकावरच ठेवून घेतली. पहिल्या फेरीत जानकू सगळ्यांच्या मागे. दुसऱ्या फेरीच्या वळणावर त्याने एकाएकी दोन्ही हात खांद्यांपर्यंत उचलले आणि काठीवर टाकायचा तशीच मनगटं हवेवर टाकली.

“सरेंडर झालं राव म्हातारं!” कुणीतरी ओरडलं. सगळे फिदीफिदी हसले. जानकूची मान वळली नाही. तिसऱ्या फेरीत दोघं मागे पडले. चौथीत हसणं थांबलं.

नऊ मिनिटं अठ्ठावन्न सेकंद. माझ्या बोलण्यावर गावात कुणी विश्वास ठेवत नाही, पण स्टॉपवॉच माझं नव्हतं.

“झालं, बाबा. हात खाली घ्या,” ठेकेदाराचा माणूस म्हणाला.

जानकूचे हात खाली येईनात. मी जवळ गेलो आणि एकेक धरून उतरवले.