निळ्या दारांच्या गोळ्या

पिकांचा काडीकचरा आणि लाकडाचा भुसा दाबून इंधनाच्या गोळ्या करणाऱ्या कारखान्यात तो तपासनीस होता. ट्रॉलीतला माल ओला, मातकट किंवा रंग लावलेला निघाला तर परत पाठवायचा, हे त्याचं काम. इतका काटेकोर की मशीनवाले त्याला ‘चाळणी’ म्हणत.

त्या आठवड्यात भुसा कमी पडला होता आणि मशीन थांबता कामा नये, असं वरून फर्मान होतं. अशात पाडलेल्या घराची दारं-खिडक्या आल्या, निळ्या तेलरंगाच्या. ट्रॉलीवालाच बिचकत म्हणाला, “साहेब, रंग आहे हं.”

“भुशात मिसळला की कुणाला कळतंय,” असं म्हणून त्याने सही ठोकली.

त्या मालाच्या गोळ्या गेल्या इस्पितळाच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत. तिथल्या बॉयलरवर तीस वर्षं त्याचे सासरे होते. चार दिवसांनी जेवताना बायको म्हणाली, “बाबांना बॉयलरवरून काढलं. उग्र धूर झाला, चादरींना वास लागला, इस्पितळाने सगळ्या परत पाठवल्या. मालक म्हणतात, यांनीच भट्टीत प्लॅस्टिक टाकलं. आता घड्या घालायला बसवलंय त्यांना.”

त्याला ती निळी दारं आठवली. “वाईट झालं,” एवढंच तो बोलला आणि पाणी प्यायला.

रविवारी सासरे जेवायला आले. नेहमीसारखे हसले, “जावईबापू, तब्येत उतरली तुमची,” म्हणाले. त्याला मान वर करवेना. जेवणं झाल्यावर सासरे हात धुवायला उठले, तसा तो मागोमाग गेला.

“बाबा, तो माल मी पास केला होता. रंगवलेल्या दारांचा.”

सासरे बोटं पुसत राहिले. “माहीत आहे. एक गोळी मोडून बघितली, तर आत निळा पापुद्रा. पोत्याच्या चिठ्ठीवर तपासनीस म्हणून तुमची सही.”

“मग मालकांना सांगितलं का नाही?”

“आणि लेकीच्या घरात काडी घालू?” त्यांनी टॉवेल खुंटीला अडकवला. “शिवाय वाटलं, तुम्हीच सांगाल.”

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर सोसलं असतं. हे मात्र त्याच्या जिव्हारी लागलं.

सोमवारी सकाळी तो लाँड्रीत गेला. घड्या घालणाऱ्या सगळ्यांदेखत त्याने मालकाला खरं काय ते सांगितलं. मालक सासऱ्यांकडे वळला. “अहो, मग तुम्ही गप्प का बसलात?”

“घड्या चुकतात बोलण्याच्या नादात,” सासरे म्हणाले.

दुपारी ते बॉयलरवर परतले. उरलेली पोती कारखान्याने परत नेली, आणि तपासणीवरून काढून त्याला ट्रॉल्या उतरवायला लावलं.

बायको दोन दिवस कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी कपडे वाळत घालता घालता म्हणाली, “सांगितलंत ते बरं केलंत. पण बाबांचं कळल्यावरही तुम्ही माझ्यासमोर बसून जेवत होतात.”

त्याने बादलीतला ओला टॉवेल तिच्या हातात दिला.