हेच खरं

मी एक टॅग बोलतोय. शर्टाच्या कॉलरला टोचणारा नव्हे, फायलीला चिकटणारा. कॉम्प्युटरवर फायलीच्या नावापुढे एक लाल ठिपका आणि शेजारी दोन शब्द, ‘हेच खरं’. एवढाच माझा देह आणि तेच माझं नाव.

माझा जन्म एका गोंधळातून झाला. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे नकाशे काढणारं हे ऑफिस, दोन खोल्या आणि सहा माणसं. सगळ्यांचे नकाशे एकाच सामायिक फोल्डरमध्ये पडायचे. तिथली नावं ऐका: ‘अंतिम’, ‘अंतिम नवा’, ‘शेवटचा अंतिम’, ‘हाच वापरा’, ‘हा वापरू नका’. पोराचं नाव ठेवताना घर डोक्यावर घेणारी माणसं फायलीचं नाव मात्र जांभई देता देता ठेवतात. एकदा गवंड्याकडे ‘शेवटचा अंतिम’ गेला आणि एका शाळेचं दार असं बसलं, की उघडलं की समोर भिंत! त्यानंतर साहेबांनी फायलींना टॅग लावायचं सॉफ्टवेअर घेतलं. लायसन्स पाच जणांचं होतं. माणसं सहा आहेत हे साहेबांनाही ठाऊक होतं, पण ते म्हणाले, “घेऊ भागवून.”

भागवलं ते असं, की नकाशे काढणारे दादा आणि त्यांच्या हाताखालची बाई दोघं एकाच पासवर्डवर काम करू लागले. या बाईला येऊन पाच वर्षं झाली तरी ऑफिसात तिला ‘नवी’च म्हणतात.

मला मात्र काकूंनी जन्म दिला. काकू म्हणजे रेकॉर्ड सांभाळणाऱ्या, सव्वीस वर्षं त्याच खुर्चीत बसलेल्या. पूर्वी नकाशे गुंडाळून पत्र्याच्या नळकांड्यांत ठेवत, तेव्हा खात्रीच्या नकाशाला काकू लाल दोरा बांधायच्या. खात्री म्हणजे काय, तर स्वतः टेप घेऊन जागेवर जायचं, भिंती मोजायच्या, नकाशाशी ताडून बघायचं आणि मगच दोरा. साहेब म्हणाले म्हणून दोरा नाही, दादा म्हणाले म्हणूनही नाही. मी त्या लाल दोऱ्याच्याच घराण्यातला.

माझी नोंद करताना कॉम्प्युटरने काकूंना विचारलं, हा टॅग सर्वांसाठी की फक्त तुमच्यासाठी? सर्वांसाठी म्हटलं तर कुणीही उठेल आणि लावत सुटेल, अशी त्यांना धास्ती. “माकडाच्या हाती कोलीत नको,” असं पुटपुटत त्यांनी ‘फक्त माझ्यासाठी’ निवडलं. इथेच फसगत झाली. मला लावण्याचा हक्क त्यांच्या एकटीकडे राहिला तो राहिलाच, पण मला पाहण्याचा हक्कही एकटीकडेच राहिला.

गंमत म्हणजे चार वर्षं हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. कारण कुणी शोधायचंच नाही. “काकू, खरं कुठलं?” असं खुर्चीतूनच ओरडायचं. काकू स्क्रीनवर मला बघायच्या आणि सांगायच्या, “तिसरं.” संपलं. लाल ठिपका कुणाला दिसत नव्हता, पण काकू दिसत होत्या ना! त्या चार वर्षांत मी चारशे बारा फायलींवर लागलो.

मग काकूंचे गुडघे दुखायला लागले आणि त्यांनी काम सोडलं. त्याच आठवड्यात सॉफ्टवेअरच्या कंपनीचं पत्र आलं, की एका पासवर्डवर दोघं काम करताना दिसतात, लायसन्सप्रमाणे एका माणसाला एक जागा. साहेब ओशाळले. “चोरी नको बाबा,” म्हणाले आणि काकूंची जागा त्यांनी नवीला द्यायला लावली. निर्णय चांगलाच होता. पण जागा बदलताना स्क्रीनवर एक सूचना आली, ‘या व्यक्तीचे खासगी टॅग तीस दिवस राखून ठेवले जातील, नंतर कायमचे पुसले जातील.’ खाली बटण होतं, ‘समजले’. दादांनी ते दाबलं. हे बटण माणसं नेहमी न समजताच दाबतात.

मी चारशे बारा फायलींवर होतो आणि तरी कुठेच नव्हतो. मला भीती वाटली. काकूंनी पावसापाण्यात, उन्हातान्हात चढलेले जिने माझ्यासोबत पुसले जाणार होते.

चोविसाव्या दिवशी, शुक्रवारी, बाळंतिणींच्या दवाखान्याचं काम निघालं. वॉर्डाची एक भिंत फोडून दार काढायचं होतं. सोमवारी सकाळी माणसं ड्रिल घेऊन येणार होती. फोल्डरमध्ये त्या वॉर्डाचे सात नकाशे निघाले, आणि ऑक्सिजनची पाइप प्रत्येकात वेगळ्या भिंतीतून गेलेली. मला माहीत होतं, त्या सातांतल्या एकावरही मी नव्हतो. पण सांगणार कसं?

“तारीख बघ ना,” दादा म्हणाले. “सगळ्यात नवा तो खरा. दे पाठवून.”

“काकू तारखेवर कधी जायच्या नाहीत,” नवी म्हणाली. “त्यांचा लाल टॅग असायचा म्हणे. तो कुठाय?”

“आपल्याकडे लाल टॅगच नाहीये.”

“म्हणजे चार वर्षं त्या हवेत बघून सांगायच्या का?” असं म्हणत नवीने फोन लावला.

तासाभरात काकू दोन जिने चढून, धापा टाकत हजर झाल्या. कंपनीच्या माणसाने फोनवर सगळं समजावलं. टॅग अजून सहा दिवस शाबूत आहेत, ते परत मिळतील, पण काकूंना आधी त्यांची जागा द्यावी लागेल आणि जागा पाचच आहेत.

“माझी काढा,” साहेब म्हणाले. “नाहीतरी मला त्यात काय सापडतंय?” यावर कुणीही ‘छे छे, असं कसं’ म्हणालं नाही.

काकूंनी पासवर्ड टाकला आणि मला ‘सर्वांसाठी’ केलं. पाचही स्क्रीनवर मी एकदम उमटलो. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. नवीने लगोलग दवाखान्याचं फोल्डर उघडलं.

“काकू, इथे लावायचा राहिला वाटतं.”

“राहिला नाही गं. मी तिथे गेलेच नाही. गुडघ्यांनी जाऊ दिलं नाही. जिथे लाल नाही, तिथलं मला माहीत नाही.”

“मग यातलं खरं कुठलं?” दादांनी विचारलं.

“एकही नसेल.” काकूंनी पर्समधून टेप काढली आणि नवीपुढे ठेवली. “तू जा.”

नवी त्याच दुपारी गेली. वॉर्ड मोजला. दवाखान्याचा दुरुस्तीवाला म्हणाला, “नव्या खाटा आल्या तेव्हा लाइन फिरवली होती, पण ते कुठे लिहिलेलं नसेल.” तिने त्याच्याकडून दाराच्या जागेवरचा थोडा गिलावा काढून घेतला. आत ऑक्सिजनची पाइप होती. पलीकडच्या खोलीत कालच जन्मलेली दोन बाळं होती, त्यातलं एक याच पाइपमधल्या ऑक्सिजनवर जगत होतं.

ऑफिसात परत येऊन नवीने आठवा नकाशा काढला. दार चार हात सरकवलं. मग तिने मला त्यावर लावलं. काकूंखेरीज दुसऱ्या कुणी मला लावण्याची ही पहिलीच वेळ. कीबोर्डवरच्या तिच्या बोटांना गिलाव्याची पांढरी पूड लागलेली होती. मी मुकाट चिकटलो.

आता लायसन्समध्ये सहावी जागा आली आहे. काकूंची जागा काकूंकडेच राहिली आणि साहेबांना त्यांची परत मिळाली. ते अजूनही टॅग न बघता ओरडतात, “खरं कुठलं?” आता उत्तर नवी देते. टेप तिच्या खणात असते.

तुमच्याकडेही माझ्यासारखा कुणी असेल, तर एवढंच सांगतो. मला लावणं फार सोपं आहे, अर्धा सेकंदही लागत नाही. म्हणूनच जरा जपून लावा.

परवा दादांनी बसल्या जागी मला एका गोदामाच्या नकाशावर लावलं. नवीने मान वर करून विचारलं, “जाऊन आलात?”

दादांनी मला काढलं, ते उठले आणि टेप मागितली. काढून टाकलं म्हणून मला त्या दिवशी जरासुद्धा वाईट वाटलं नाही.