निळ्या भिंतीमागच्या वायरी

बाबांनी जन्मभर टेलरिंग केलं आणि दुकान बंद केल्यावर घरातलं वायरिंगही हौसेने स्वतःच केलं. आज जळालेलं सॉकेट बदलायला मी मेन स्विच बंद करून बोर्ड उघडला, तर आत तिन्ही वायरी निळ्या! माझं डोकंच फिरलं.

"बाबा, लाल कुठाय? काळी, हिरवी? करंट कुठल्या वायरीत आहे हे कळायचं कसं?"

"भिंत निळी आहे ना," बाबा शांतपणे म्हणाले. "कापडाला न जुळणारा दोरा मी आयुष्यात वापरला नाही."

दातओठ खात मी मेन स्विच तेवढ्यापुरता चालू केला, मीटर लावून एकेक वायर ओळखली आणि स्विच पुन्हा बंद करून करंटच्या वायरीला लाल टेप गुंडाळली.

बाबा चष्मा लावून आत डोकावले आणि कळवळून म्हणाले, "अगं, ठिगळ लावायचंच होतं, तर निदान निळं तरी लावायचंस!"