खालच्या पायरीवर ताई

मी एक जुना लाकडी जिना आहे. चार पायऱ्या वर, माथ्यावर एक फळी, पलीकडे चार पायऱ्या खाली, आणि दोन्ही अंगांना कठडा. मी कुठेच नेत नाही. मोठ्या आजारातून किंवा अपघातातून वाचलेल्यांना पुन्हा चालायला शिकवतात, त्या रुग्णालयातल्या दालनात मी उभा आहे. मित्रांनो, इथे शांतता असेल असं समजू नका. इथे माणसं मारामारी करायलाच येतात. स्वतःच्या पायाशी, नाहीतर माझ्याशी.

मला रंधा मारताना सुतार म्हणाला होता, "बाबा, तुझ्या नशिबी लाथाच आहेत." तसंच झालं. एका ट्रकचालकाने कुबडी हाणून माझी कड उडवली. एका आजोबांनी मला शिव्यांची लाखोली वाहिली, पण घरी जाताना तेच माझ्या कठड्यावरून हात फिरवून रडले. पुढे विजेवर फिरणारा चालायचा पट्टा आला आणि सगळे त्याच्या मागे लागले. माझ्यावर ओले टॉवेल वाळू लागले. तो अपमान मी अजून विसरलेलो नाही.

मग धाकटी आली. ती आणि तिची ताई, दोघी सख्ख्या बहिणी, दोघींची मिळून लॉन्ड्री. खाली धुणं, वर इस्त्री आणि राहायची खोली, मध्ये उभा जिना. त्या जिन्यावरून धाकटी पडली. डोकं फुटलं, डावं अंग लुळं पडलं, त्या दिवसाची आठवणही पुसली गेली. जिना चढता-उतरता आला तरच तिला घर होतं, नाहीतर जन्मभर चाकाच्या खुर्चीत, परक्या माणसांत. म्हणून टॉवेल उचलून तिला माझ्याकडे आणलं.

"पाय घसरला हो तिचा," ताई सगळ्यांना सांगायची. मला ते पटेना. घसरलेला माणूस बहुधा बुडावर आपटतो आणि धाकटीचं डोकं मागून फुटलं होतं. शिवाय ताईच्या मनगटावर दातांचे व्रण होते. स्वतःचं पाप आम्हा जिन्यांच्या बिरादरीच्या माथी मारते म्हणून मला तिचा भयंकर राग यायचा.

आमच्या व्यायामबाईंना सगळे रुग्ण हवालदारबाई म्हणतात. त्यांचा नियम असा, की उतरताना दुखरा पाय आधी टाकायचा आणि सोबत्याने समोर, एक पायरी खाली उभं राहायचं. तोल गेलाच, तर पडणारा त्याच्या अंगावर पडतो. घरी न्यायच्या आधी घरच्यांना हे शिकावंच लागतं.

त्या दिवशी धाकटीला माथ्याच्या फळीवर उभं केलं आणि ताई समोर, एक पायरी खाली उभी राहिली. "एक हात तिच्या कमरेला बांधलेल्या पट्ट्यात घाल," कठड्याबाहेरून हवालदारबाई म्हणाल्या, "आणि दुसरा तळवा छातीवर टेकव."

तळवा लागला मात्र, धाकटी जागच्या जागी थिजली.

"तू," ती म्हणाली. तिचं बोलणं अजून अडखळत होतं. "तू ढकललंस. असंच. इस्त्रीत शर्ट जळला म्हणून."

ताई पांढरीफटक पडली. "हो. तू चावलीस, मी ढकललं."

धाकटीने कठडा सोडला आणि ठोसा हाणला. ताईचं नाक फुटलं. दुसरा ठोसा ओठावर बसला, तिसरा डोळ्यावर. "तोंड झाक!" हवालदारबाई ओरडल्या, त्यांचा हात तिथवर पोचत नव्हता. पण तोंड झाकायला पट्टा सोडावा लागला असता आणि पट्टा सुटला असता तर धाकटी पुन्हा डोक्यावर पडली असती. ताईने दोन्ही हात पट्ट्यात अडकवले आणि मार खाल्ला. रक्त माझ्या पायरीवर ठिबकलं. कठडा कडाडला, त्याचा एक स्क्रू निसटून उडाला. मी जीव मुठीत धरून उभा होतो.

शेवटी धाकटीने लाथ घातली, आणि तीही डाव्या पायाने. जो पाय काही केल्या हलत नव्हता, तो उचलला गेला, ताईच्या पोटात बसला आणि खालच्या पायरीवर टेकला.

"अगं, उचललास!" हवालदारबाई किंचाळल्या. धाकटी आपल्याच पायाकडे बघत राहिली आणि मग ढसाढसा रडली.

ताईने नाकात बोळे घालून त्याच दिवशी डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. "हिला इथे फिरकू देऊ नका," डॉक्टर म्हणाले. त्यांचं काही चुकलं नाही. दुसऱ्या सकाळी खाली एक धट्टाकट्टा वॉर्डबॉय उभा राहिला. धाकटीने त्याला नीट न्याहाळलं आणि ती जागची हलेना.

"ताईला बोलवा. ह्याने माझं काय केलंय? ह्याला लाथ कशी मारू?"

डॉक्टरांनी नाइलाजाने होकार दिला आणि ताई आली. डोळा काळानिळा झालेला. खालच्या पायरीवर उभी राहून तिने पट्टा धरला आणि म्हणाली, "मार." धाकटीने लाथ मारली. पाय पायरीवर टेकला. मग पुढची लाथ, पुढची पायरी.

"माफ केलंस का गं तिला?" हवालदारबाईंनी नंतर विचारलं.

"नाही," धाकटी म्हणाली. "पण ती पट्टा सोडत नाही."

तेव्हा मित्रांनो, भांडायचंच तर सपाट जमिनीवर भांडा. एका धक्क्याने माणूस खाली जातो, त्याला परत वर आणायला किती लाथा खाव्या लागतात ते मी रोज बघतो. आणि माझ्या कठड्याचा तो स्क्रू तेवढा कुणीतरी बसवा. दोघी उद्याही येणार आहेत.